चाक बदलण्याआधी माप घ्या



वार्षिक सभेच्या दिवशी मंडपाबाहेर नुसती नजर टाकली तरी काळ किती बदलला ते कळते. मी कारखान्याच्या गॅरेजात कामाला लागलो तेव्हा सभेला सायकली, चार-दोन फटफट्या आणि सोडलेल्या बैलगाड्या असायच्या. जीप दिसली की लोक वळून बघायचे. आज त्याच जागेवर लहान मोटारींची रांग लागते. घामाच्या पैशातून दारात गाडी आली याचा आनंदच आहे.

पण या रांगेतून चालताना माझे लक्ष गाडीच्या रंगाकडे जात नाही, चाकांकडे जाते. सारा जन्म चाकांखाली झोपून गेला, त्याची ही सवय. आणि दर चार-पाच गाड्यांमागे एखादी अशी दिसते की कंपनीची साधी लोखंडी चाके काढून तिला झगमगीत मॅगव्हील बसवलेली असतात. काही नेटकी बसलेली असतात. काही मात्र मडगार्डाच्या बाहेर दोन बोटे आलेली. बघणाऱ्याला वाटते, काय रुबाब आहे! मला मात्र आतले बेअरिंग ओरडताना ऐकू येते.

तरुण पोरांनी हौस करू नये असे मी म्हणणार नाही. आमच्या वडिलांनीही बैलांच्या शिंगांना रंग आणि गळ्यात घुंगरमाळा घातल्याच की. पण माळ सैल झाली तर बैल अडत नाही. चाक सैल झाले तर काय होते, ते गेल्या हंगामात आमच्या घरातच घडले. तेच आज सांगतो.

बारा टन उसाची चाके

आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवाने स्विफ्ट गाडी घेतली. साधे मॉडेल, चौदा इंची लोखंडी चाके. पहिला हप्ता जमा झाला आणि गडी शहरात जाऊन सोळा इंची मॅगव्हील टायरसकट बसवून आला. मला दाखवायला दारात गाडी उभी केली.

म्हटले, “किती घातलेस?”

“नाना, बारा टन ऊस चाकांत गेला म्हणा की,” असे म्हणून हसला.

“बसतात का बरोबर?”

“दुकानदार म्हणाला, चार नटांची सगळी सारखीच असतात. बसली की!”

मी खाली बसून बघायला हवे होते. पाहुणे आले होते, राहून गेले. ही चूक माझी.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. “नाना, गाडी ऐंशीच्या वर गेली की स्टेअरिंग थरथरतंय. बॅलन्सिंग दोनदा केलं, तरी तसंच हाय.” मी म्हटले, गाडी घेऊन ये. तर म्हणाला, “रविवारी हिला माहेरी सोडतो आणि येतो.” रविवारी महामार्गावर कराडच्या अलीकडे पुढच्या डाव्या चाकातून टक-टक आवाज येऊ लागला. सुनबाईनेच गाडी थांबवायला लावली. उतरून बघतो तर चारपैकी एक नट गायब, दुसरा दोन आट्यांवर लोंबकळतोय. मागच्या सीटवर चार वर्षांची नात झोपलेली. आणखी दोन-तीन किलोमीटर गेले असते तर काय झाले असते, ते मी लिहीत नाही. तुम्ही समजून घ्या.

मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. चाक उतरवले आणि तिथेच रस्त्याच्या कडेला तीन चुका दिसल्या. चाकाचे मधले भोक हबपेक्षा मोठे होते. नटांचे आटे वेगळे होते. आणि चाक गरजेपेक्षा बरेच बाहेर आले होते. एक माप मात्र बरोबर होते, चार नटांचे वर्तुळ. त्या एका मापावर दुकानदाराने ‘बसली’ म्हणून सांगितले होते.

तुंबा, आख आणि खीळ

बैलगाडी ज्यांनी वापरली त्यांना हे समजायला जड नाही. गाडीच्या चाकाचा तुंबा आखावर बेताचा बसावा लागतो. तुंब्याचे भोक मोठे झाले की चाक झोके खाते, आखाला खाते आणि शेवटी खीळ तोडते. सुतार नवे चाक करताना आधी आखाचे माप घ्यायचा, मग लाकडाला हात लावायचा. आरे किती नक्षीचे, हा प्रश्न शेवटी.

मोटारीच्या चाकाचे तसेच आहे. फरक एवढाच की बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटर चालते आणि मोटार शंभराने. मापाची चूक बैलगाडी पोटात घालते. मोटार घालत नाही.

लहान गाडीला बाहेरचे चाक घेताना पुढची मापे कागदावर लिहूनच दुकानात जावे. गाडीचे पुस्तक घरात कुठल्या तरी कपाटात असतेच. ते काढा.

पहिले माप : नटांचे वर्तुळ

चारही नटांच्या मध्यांतून जाणारे वर्तुळ काढले तर त्याचा जो व्यास, त्याला गॅरेजच्या भाषेत पीसीडी म्हणतात. स्विफ्टचा चार नटांचा १०० मिलिमीटर. ह्युंदाईच्या आय-टेन, आय-ट्वेंटीचा, होंडा सिटीचा आणि टोयोटाच्या इटिऑसचाही तोच. म्हणूनच ‘सगळी सारखीच’ हा समज पसरला.

पण फोर्डच्या फिगोचा १०८ आहे. फोक्सवॅगनच्या पोलोला नट पाच आणि वर्तुळ १०० चे. जुन्या फियाट उनो आणि पालिओचा ९८. या शेवटच्या आकड्यापासून सावध राहा. ९८ आणि १०० यांत फरक फक्त दोन मिलिमीटरचा. चाक स्टडवर चढते, नटही आवळल्यासारखे वाटतात. पण प्रत्येक नट एका अंगाला कलून बसतो आणि स्टड वाकवत राहतो. अशा जोडणीवर गाडी चालवणे म्हणजे वाकड्या खिळीवर भरलेली गाडी घाटात सोडण्यासारखे.

चार नटांच्या चाकाचे माप घरी घेता येते. समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर हाच पीसीडी. पाच नटांना समोरासमोर स्टड नसतो. तिथे शेजारशेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतले अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे. जवळपासचा आकडा निघतो. पुस्तकातल्या आकड्याशी तो पडताळून पाहावा.

दुसरे माप : मधले भोक

चाकाच्या मधोमध जे भोक असते ते हबच्या उंचवट्यावर घट्ट बसते आणि चाकाला बरोबर मध्यावर आणते. स्विफ्टचा हा उंचवटा ५४.१ मिलिमीटर आहे. आय-टेनचाही ५४.१. होंडा सिटीचा ५६.१. फिगोचा ६३.४.

बाहेरचे मॅगव्हील करणारा कारखानदार प्रत्येक गाडीसाठी वेगळे भोक पाडत नाही. तो मोठे भोक पाडतो, बहुधा ७३.१ चे, म्हणजे एकच चाक अनेक गाड्यांना विकता येते. यात लबाडी नाही. मात्र मधली १९ मिलिमीटरची पोकळी भरायला एक कडे घालावे लागते. बाहेरून ७३.१, आतून ५४.१. प्लॅस्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे, किंमत चाकाच्या मानाने किरकोळ. त्याला हब रिंग म्हणतात.

आमच्या चिरंजीवाच्या चाकांना हे कडेच घातले नव्हते. चाक केवळ नटांवर तोलले होते. नट आवळताना ते अर्धा मिलिमीटर जरी एका बाजूला सरकले, तरी वेगात थरथर येते. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मशीनच्या सुळक्यावर मध्यात बसते, त्यामुळे तिथे सगळे ठीक दिसते. गाडीवर चढले की पुन्हा तेच. दोनदा पैसे भरूनही थरथर का गेली नाही, त्याचे उत्तर हे.

उलट भोक हबपेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही. काही जण ते लेथवर मोठे करून देतात. अंदाजाने कापलेले भोक मध्यावर राहीलच याची खात्री नाही. त्या वाटेला जाऊ नये.

तिसरे माप : ऑफसेट

हे माप समजायला थोडे किचकट, पण नुकसान सर्वांत जास्त याच्यामुळे होते.

चाकाच्या रुंदीची मधली रेघ धरा. चाकाचा जो पृष्ठभाग हबला टेकतो तो या रेघेपासून किती मिलिमीटर आहे, त्याला ऑफसेट म्हणतात. चाकाच्या मागच्या अंगाला ‘ईटी’ अक्षरांपुढे हा आकडा कोरलेला असतो. आजच्या लहान गाड्यांत हा टेकणारा भाग रेघेच्या बाहेरच्या अंगाला असतो, म्हणून चाक मडगार्डाच्या आत राहते. आकडा कमी झाला की चाक बाहेर येते, वाढला की आत सरकते.

एक हिशेब करून दाखवतो. समजा मूळ चाक साडेपाच इंच रुंद आहे आणि ऑफसेट ४५. नवे घेतले सात इंच रुंद, ऑफसेट ३५. रुंदी दीड इंचाने, म्हणजे ३८ मिलिमीटरने वाढली. ती दोन्ही अंगांना निम्मी-निम्मी, १९-१९. ऑफसेट १० ने कमी, म्हणजे सगळे चाक आणखी १० बाहेर. बाहेरची कड आली १९ अधिक १०, म्हणजे २९ मिलिमीटर बाहेर. आतली कड गेली १९ वजा १०, म्हणजे ९ मिलिमीटर आत. आता मोजा : तुमच्या गाडीला बाहेर २९ आणि आत ९ मिलिमीटरची जागा आहे का?

बाहेरची जागा ओळंब्याने बघता येते. मडगार्डाच्या कडेवरून दोरा सोडा आणि टायर किती आत आहे ते फुटपट्टीने मोजा. आतल्या अंगाला टायर आणि शॉकॲब्सॉर्बर यांच्यामधली जागा बघा. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. मागच्या सीटवर तीन माणसे बसवून पुन्हा बघा. रिकाम्या गाडीला जे घासत नाही ते भरल्या गाडीला घासते.

चाक बाहेर आले तर बिघडले कुठे, असे पोरे विचारतात. पहारीने दगड उचलताना पहार जितकी लांब तितका जोर जास्त, हे आपल्याला माहीत आहे. चाक जितके बाहेर, तितकी बेअरिंगवर पहार लांब. बेअरिंग लवकर जाते, खड्ड्यात स्टेअरिंगला झटका बसतो, ब्रेक मारताना गाडी ओढते. पावसाळ्यात शेतवाटेचा चिखल दारांवर उडतो आणि खडी मागच्या फटफटीवाल्याच्या तोंडावर.

चाक आत घासते म्हणून मध्ये चकती, म्हणजे स्पेसर, घालून ते बाहेर काढण्याचा उपाय काही ठिकाणी करतात. तेवढ्याच जाडीने स्टडचे आटे नटाला कमी मिळतात. मापाचे चाक घेतले तर चकती लागतच नाही.

चौथे माप : रुंदी, उंची आणि टायर

टायरच्या कडेवर लिहिलेले वाचायला शिका. बियाण्याच्या पिशवीवरचे आपण वाचतो, तसेच हे.

१६५/८० आर १४ याचा अर्थ असा : टायर १६५ मिलिमीटर रुंद, त्याच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि आतले चाक १४ इंच. २०१८ साली आलेल्या स्विफ्टच्या साध्या मॉडेलला हा टायर आहे. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. आता दोन्हींची जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंची काढू. पहिल्याची १३२ दुणे २६४, अधिक चौदा इंचांचे ३५५.६, एकूण ६१९.६ मिलिमीटर. दुसऱ्याची ६२१.५. फरक दोन मिलिमीटरचाही नाही. चाक एक इंचाने वाढवले, पण कंपनीने टायरची भिंत तेवढी कमी केली.

हेच सूत्र आपण धरावे. एकूण उंची मूळच्यापेक्षा फार तर दोन-तीन टक्क्यांनी बदलावी, त्याहून नाही. जास्त बदलली तर वेगाचा काटा खोटे बोलतो. टायर उंच झाला असेल तर काटा ऐंशी दाखवतो आणि गाडी त्याहून जोरात जात असते. शिवाय मडगार्डाला घासते आणि चढाला गाडी दमते.

चाकाची रुंदीही टायरला जुळावी लागते. १८५/६५ आर १५ हा टायर ५ ते साडेसहा इंच रुंदीच्या चाकावर चालतो, उत्तम बसतो साडेपाचवर. सात इंची चाकावर तो ताणून बसवलेला दिसला तर समजा की टायरच्या कडा ताणल्या आहेत. एखाद्या खड्ड्यात टायर रिममधून सुटू शकतो.

आता आपल्या रस्त्यांचा विचार. शहरातल्या डांबरी रस्त्यावर पातळ भिंतीचा टायर शोभतो. आपली गाडी वस्तीवरून निघते, पाणंदीतून येते, हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून जाते. १३२ मिलिमीटरची भिंत दगडाचा मार पोटात घेते. १९५/५५ आर १६ या टायरची भिंत १०७ मिलिमीटर. एकूण उंची जवळजवळ तीच, ६२०.९, पण दगड आणि रिम यांच्यामधली गादी इंचभर कमी. लोखंडी चाक वाकले तर ठोकून सरळ तरी होते. मॅगव्हील तडकते. म्हणून माझे मत विचाराल तर पाणंदीतून येणाऱ्याने मूळ मापाच्या एक इंचापेक्षा वर जाऊच नये.

भार किती झेलेल?

टायरवर मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते. ८५ म्हणजे त्या टायरने ५१५ किलो झेलावे, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. अक्षर वेगाचे : ‘एस’ ताशी १८० किलोमीटर, ‘टी’ १९०, ‘एच’ २१०. कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमीचा टायर स्वस्त पडतो म्हणून घेऊ नये. आपण गाडीत माणसेच नेत नाही, खताची पोती आणि बियाण्याचे गठ्ठेही डिकीत टाकतो.

रिमलाही भाराची मर्यादा असते. चांगल्या चाकाच्या मागच्या अंगाला ती किलोमध्ये कोरलेली असते. गाडीच्या पुस्तकात प्रत्येक ॲक्सलचा कमाल भार दिलेला असतो. त्याचे दोन भाग करा. समजा पुढच्या ॲक्सलला ७५० किलो, तर प्रत्येक चाकाने निदान ३७५ किलो झेलले पाहिजे. कोरलेला आकडा त्याहून बराच वर असावा. आकडाच कोरलेला नसेल तर ते चाक परत फडताळात ठेवायला सांगा.

मॅगव्हील हे नाव मॅग्नेशियमवरून पडले. आज बाजारात मिळणारी जवळजवळ सगळी चाके ॲल्युमिनियमची असतात. त्यात सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम मिसळून ओततात, मग भट्टीत तापवून-निववून पाणी देतात. ओतकामात हवेचे बुडबुडे राहिले किंवा पाणी नीट दिले गेले नाही, तर वरून चकचकीत रंग मारलेले चाक आतून ठिसूळ. डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून चाचणीची खूण बघायची. आपल्याकडचे आयएसआय चिन्ह, किंवा जपानी प्रमाणाची ‘जेडब्ल्यूएल’ आणि ‘व्हीआयए’ ही अक्षरे. खूण स्टिकरची नको, धातूतच उमटलेली हवी.

जुन्या बाजारातली चाके स्वस्त असतात. घेतलीच तर मागच्या अंगाने आऱ्यांच्या मुळाशी केसाएवढी चीर आहे का, कुठे वेल्डिंगचा डाग घासून रंगवला आहे का, ते उन्हात बघावे. वेल्डिंग केलेले मॅगव्हील फुकट दिले तरी घेऊ नये.

नट : लहान वस्तू, मोठा जीव

चाक नटांवर टांगलेले नसते. नट आवळल्यावर जी दाब बसते, त्या दाबाने चाक हबला चिकटून राहते. दाब गेली की चाक हलते, हलले की स्टड मागे-पुढे वाकतो आणि तार वाकवून तोडावी तसा तुटतो. म्हणून नटाची तीन मापे सांभाळावी.

एक, आटे. सुझुकीच्या गाड्यांचे स्टड बारा मिलिमीटरचे आणि आटे सव्वा मिलिमीटरचे. ह्युंदाई, होंडा, टोयोटा यांचे बारा मिलिमीटरचेच, पण आटे दीडचे. दिसायला नट जुळा भाऊ. दीडचा नट सव्वाच्या स्टडवर दोन-तीन फेरे हाताने जातो आणि अडतो. अडला की समजावे, नट चुकीचा. पण हवेची बंदूक लावली तर ती आटे कापत त्याला आत कोंबते. आमच्या गाडीला हेच झाले होते. बंदुकीने नट ‘टाईट’ झाले, पण धरायला आटेच उरले नव्हते.

दोन, बैठक. बहुतेक बाहेरच्या चाकांना ६० अंशांचा निमुळता नट लागतो. होंडाच्या कंपनीच्या चाकांना गोल बैठकीचा. गोल बैठकीत निमुळता किंवा निमुळत्यात गोल घातला तर नट नुसता कडेवर टेकतो.

तीन, लांबी. मॅगव्हीलची जाडी लोखंडी चाकापेक्षा जास्त असते. नट हाताने फिरवून मोजा. टेकेपर्यंत निदान सात-आठ पूर्ण फेरे मिळाले पाहिजेत.

नट हाताने चढवावे, समोरासमोरच्या क्रमाने आवळावे, आणि शेवटचा आवळ गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने द्यावा. पान्यावर उभे राहून नाचू नये. शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा तपासावे. नवे चाक बसायला थोडी जागा घेते.

स्टेपनी विसरू नका

स्टेपनी हा शब्द आपण मराठीच मानतो, पण तो वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या कंपनीने जादा चाक विकायला सुरुवात केली.

तर डिकीतले चाक लोखंडीच राहते. नव्या मॅगव्हीलचा नट त्याला नीट बसेलच असे नाही. म्हणून मूळचे चार नट कापडी पिशवीत बांधून डिकीत ठेवावे. आणि नव्या टायरची एकूण उंची स्टेपनीएवढीच असावी, हे सूत्र इथेही उपयोगी पडते.

कागदपत्रांचे

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी पुस्तकातील तपशील आणि कंपनीचा मूळ तपशील यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करू नये. म्हणून कंपनीने त्या गाडीला मान्य केलेल्या मापात राहणे शहाणपणाचे. विमा कंपनीला नव्या चाकांबद्दल लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. पक्की पावती घ्यावी आणि तिच्यावर चाकाचा पीसीडी, मधले भोक, रुंदी आणि ऑफसेट लिहून मागावे. जो दुकानदार हे चार आकडे लिहून द्यायला कचरतो, त्याला ते माहीत नाहीत असे समजावे. आणि टायर चढवण्याआधी नुसती रिम गाडीला लावून बघू द्या म्हणावे. टायर चढला की माल परत घेत नाहीत.

शेवटी काय झाले

त्या रविवारी मी पुढच्या चाकाचे उरलेले नट काढले, डिकीतली स्टेपनी मूळच्या नटांवर बसवली आणि सावकाश गाडी घरी आणली. दोन स्टड बदलावे लागले. चार दिवसांनी दुकानात गेलो. मालक म्हणाला, “चाकं वापरलीत, परत घेणार नाही.” भांडण केले नाही. कारण विचारायला हवे ते आम्हीच आधी विचारले नव्हते.

चिरंजीव म्हणाला, “नाना, कडी घालू, नट बदलू, मग चालतील का?”

मी त्याला ओळंबा सोडून दाखवला. टायर मडगार्डाच्या बाहेर होता. कड्याने थरथर गेली असती, नटाने धोका गेला असता, पण बेअरिंगवरची पहार तशीच राहिली असती. तो बराच वेळ गप्प उभा राहिला. बारा टन ऊस म्हणजे किती दिवसांचे पाणी आणि किती रात्रींची जागरणे, ते त्यालाही ठाऊक होते.

ती चाके त्याने मिळेल त्या किमतीला काढली. मग त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलची कंपनीची पंधरा इंची चाके आणि १८५/६५ चे टायर घेतले. पीसीडी, भोक, ऑफसेट, नट सगळे जन्मजात जुळलेले. गाडी दिसायलाही नीटस झाली. ज्याला हौस करायची त्याला पहिला सल्ला हाच देईन : आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलची चाके आधी विचारा.

परवा तो आला तेव्हा नात मागच्या सीटवर खिडकीतून हात हलवत होती. मी आधी खाली बसून चारही चाकांचे नट बघितले, मग तिला उचलून घेतले. चिरंजीव हसला. हसू द्या.

ऊस तोडायला आला की आपण वजनकाट्यावर डोळा ठेवतो. किलोचा फरक पडला तरी बोलतो. चार चाके घेताना तीच सवय ठेवा. दुकानात जाण्याआधी एका कागदावर एवढे लिहा : नटांचे वर्तुळ, मधले भोक, ऑफसेट, रिमची रुंदी, टायरची एकूण उंची, भार आणि नटाचे आटे. हा कागद खिशात ठेवा आणि प्रत्येक आकडा जुळला तरच पैसे मोजा. एक जरी जुळला नाही तर लोखंडी चाकावर घरी या. लोखंडी चाकाला कोणी हसत नाही.

— कारखान्याच्या गॅरेजातील एक निवृत्त कामगार व ऊस उत्पादक सभासद